भांड्याला भांडे लागते तेव्हा: संत बेनेडिक्ट यांची सहजीवनाची नियमावली

एका छपराखाली चार माणसे राहू लागली की भांड्याला भांडे लागायचेच, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे शहाणपण. परंतु घरदार सोडून केवळ देवासाठी एकत्र राहणाऱ्या मठवासीयांचे काय? भांडणे त्यांनाही चुकली नव्हती. ती होणारच हे गृहीत धरून त्यांवर रोजच्या व्यवहारातून उपाय सांगणारा एक लहानसा ग्रंथ सहाव्या शतकात इटलीत लिहिला गेला. तो म्हणजे संत बेनेडिक्ट यांची नियमावली.

बेनेडिक्ट यांचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास नुर्सिया येथे झाला. रोममधील शिक्षण अर्धवट टाकून ते सुबियाकोच्या गुहेत एकांतवासात राहिले. त्यांची कीर्ती ऐकून एका मठातील लोकांनी आपले मठाधिपती व्हावे म्हणून त्यांना गळ घातली. आपले जमणार नाही, असे त्यांनी आधीच बजावले होते. तरीही आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही. पुढे त्यांची शिस्त जाचक वाटून त्याच मठवासीयांनी त्यांच्या द्राक्षारसात विष कालवले. बेनेडिक्ट यांनी क्रुसाची खूण करताच पात्र फुटले, असे थोर पोप ग्रेगरी यांनी इ. स. ५९३-९४ च्या सुमारास लिहिलेल्या 'संवाद' या ग्रंथात नमूद केले आहे. न रागावता, देवाने त्यांच्यावर दया करावी अशी इच्छा व्यक्त करून बेनेडिक्ट एकांतात परतले. पुढे माँते कासिनो येथे, परंपरेनुसार इ. स. ५२९ मध्ये, त्यांनी मठ स्थापिला. तेथे सिद्ध झालेली ७३ प्रकरणांची नियमावली ही सहजीवन मोडताना स्वतः पाहिलेल्या माणसाच्या हातची आहे, हे विसरता कामा नये.

या नियमावलीत बोलण्याला मोठे स्थान आहे. महत्त्वाचा प्रश्न उभा राहिला की मठाधिपतीने सर्वांना एकत्र बोलवावे, अगदी धाकट्यालाही. कारण कित्येकदा प्रभू त्याच्याच तोंडून योग्य ते सुचवितो. प्रत्येकाने आपले मत नम्रपणे मांडावे, हट्टाने रेटू नये. कोणी कोणाला नुसत्या नावाने हाक मारू नये; ज्येष्ठांनी धाकट्यांना 'बंधू' म्हणावे, धाकट्यांनी ज्येष्ठांना पित्याच्या आदराने संबोधावे. ज्या समाजात गुलामगिरी रूढ होती, तेथे बेनेडिक्ट सांगतात की, केवळ जन्माने स्वतंत्र आहे म्हणून गुलामीतून आलेल्याच्या पुढे कोणाला स्थान देऊ नये.

कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या बंधूविषयीचे प्रकरण तर प्रत्येक गृहिणीने वाचावे असे आहे. कोणी अवाजवी मागणी केली, तर त्याला तुच्छतेने झिडकारू नये. नकाराचे कारण नम्रपणे समजावून द्यावे. देण्यासारखे काहीच नसेल, तर निदान एक चांगला शब्द तरी द्यावा. मठातील साधी भांडीसुद्धा वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे जपावीत, अशी आज्ञाही याच प्रकरणात आहे.

आणि तरीही बिनसले तर? अपराध्याला आधी दोनदा एकांतात समज द्यावी, मग सर्वांसमक्ष. त्यानेही भागले नाही, तर त्याला पंगतीतून व सामुदायिक प्रार्थनेतून दूर ठेवावे. आजच्या मनाला न रुचणाऱ्या शारीरिक शिक्षाही नियमावलीत आहेत, हे खरे. परंतु दूर ठेवलेल्या बंधूचे सांत्वन करण्यासाठी मठाधिपतीने शहाण्यासुरत्या वृद्धांना गुपचूप त्याच्याकडे धाडावे, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, अशी काळजीही तेथेच वाहिलेली आहे. मठ सोडून गेलेला पश्चात्तापाने परतला, तर त्याला तीन वेळांपर्यंत परत घ्यावे. रक्ताचे नाते असले तरी मठात कोणी कोणाची कड घेऊ नये. कारण अशाने तट पडतात. ज्याच्याशी वाद झाला, त्याच्याशी सूर्यास्तापूर्वी समेट करावा.

माँते कासिनोचा मठ अनेकदा उद्ध्वस्त झाला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात तो जमीनदोस्त झाला. पुन्हा बांधलेल्या मंदिराचे पवित्रीकरण पोप सहावे पॉल यांनी २४ ऑक्टोबर १९६४ रोजी केले. भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या; नियमावली मात्र सुमारे पंधराशे वर्षे जगभरच्या मठांतून पाळली जात आहे.

तिच्यातील एक लहानशी तरतूद आपल्या घरांना फार जवळची वाटावी. सकाळच्या व सायंकाळच्या प्रार्थनेच्या अखेरीस प्रभूने शिकविलेली प्रार्थना मठप्रमुखाने सर्वांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणावी, असे बेनेडिक्ट सांगतात. कारणही ते स्पष्टपणे देतात: एकत्र राहताना कलहाचे काटे उगवतातच, आणि 'आम्ही क्षमा करतो' हे शब्द कानी पडले की ज्याला त्याला आपल्या मनातील काटा आठवावा. आपल्याकडेही सायंकाळच्या जपमाळेत हीच प्रार्थना होते. बांधावरून वा वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ, एकाच चुलीवर रांधूनही एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा तेथे गुडघे टेकलेल्या असतात. ती ओळ ओठांवर आली की क्षणभर थांबावे, आणि प्रार्थना संपल्यावर पहिला शब्द आपणच उच्चारावा.