माथेरानच्या हातरिक्षा आणि ओढणाऱ्यांचे गुडघे

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानच्या डोंगरावर चढला आणि या थंड हवेच्या ठिकाणाचा जन्म झाला. साहेब आले, मागोमाग मुंबईचे शेटजी आले. त्यांचं ओझं कर्जतच्या डोंगरवाटांवर माणसांच्या पायांवर पडलं. १८५६ मध्ये आगगाडी नेरळवरून खोपोलीला पोचली, पण नेरळहून वर जायला घोडा नाहीतर पालखी. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाची छोटी गाडी सुरू झाली, तरी स्टेशन ते बंगला हा लाल मातीचा चढउतार उरलाच. तो पुढे हातरिक्षाच्या वाट्याला आला.

पुढे दांडी धरून एक जण, मागून रेटायला दुसरे. बघणाऱ्याला चढ कठीण वाटतो. गुडघ्याच्या दृष्टीने उतारही तितकाच छळतो. खाली धावणारं वजन अडवायचं तर गुडघा वाकवून, टाच रोवूनच.

गुडघ्याभोवती दहाएक बर्सा असतात. बर्सा म्हणजे बुळबुळीत द्रवाची पातळ पिशवी, हाड आणि स्नायूबंध एकमेकांवर घासू नयेत म्हणून. वाटीपुढची पिशवी सतत गुडघे टेकून काम करणाऱ्यांची सुजते. फरशी बसवणाऱ्यांना ती ठाऊक असते. चढउतार करणाऱ्याची दुखते ती बहुधा आतल्या बाजूची. मांडीतले तीन स्नायूबंध खाली येऊन नडगीच्या हाडाला चिकटतात, त्यांच्याखाली ही पिशवी असते. सांध्याच्या रेषेखाली दोन-तीन बोटांवर दाबलं की माणूस कळवळतो. उठताना, पायऱ्या चढताना कळ येते. अनेकदा हिलाच ‘झीज’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि ते चूक आहे, कारण ही सूज विश्रांती, बर्फ आणि व्यायामाने बहुतेकदा उतरते. गुडघा लाल, गरम झाला आणि ताप आला, तर मात्र जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

औषधांतलं सर्वांत महाग औषध विश्रांती. हातावर पोट असलेल्याने रिक्षा टेकवली की त्या दिवसाची मजुरी बुडाली.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधली हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना आखायलाही सांगितलं. शासनाने ई-रिक्षांच्या चाव्या देताना या माणसांच्या गुडघ्यांची तपासणीही करून घ्यावी.