परिचारिकेच्या मनावरील भार

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीं आपल्या शुश्रूषाविषयक ग्रंथांत रोग्याला पोकळ धीर देणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलें. रोग्याशीं कसें बोलावें, हा प्रश्न असा जुनाच आहे. परंतु बोलणाऱ्या विद्यार्थिनीच्या मनाचा विचार व्हावयास बराच काळ जावा लागला. लंडनमधील एका रुग्णालयाची पाहणी करून इझाबेल मेंझीज यांनी १९६० सालीं दाखविलें कीं, तेथें विद्यार्थिनींची वारंवार बदली होई व रोगीहि नांवाऐवजीं खाटेच्या क्रमांकानें ओळखला जाई. दुःखाचा स्पर्श टळावा म्हणून नकळत रुळलेल्या या रीतीनें चिंता उलट वाढे. सुमारें एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडीत. संभाषणाचें शिक्षण म्हणजे केवळ सौजन्याचे धडे नव्हेत. दुसऱ्याचें दुःख ऐकल्यावर स्वतःचें मन मोकळें करण्याची सोयहि त्यांत हवी.