कामगाराचे अंगण

अंगण म्हटले की आपल्यापुढे तुळशीवृंदावन, सडा आणि रांगोळी उभी राहते. घरामागे परस असतो. तेथे न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, कर्दळ व दोन केळी वाढतात. पुढचे अंगण येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी आणि मागचा परस घरासाठी, अशी ही जुनी वाटणी आहे. घराभोवतालची जागा कशी सुधारावी, याबद्दल हल्ली सल्ले पुष्कळ मिळतात. हिरवळ कोठे असावी, फरशी कोठे, कुंड्या किती. परंतु ती जागा राखायची कोणी व तेथे हुकूम कोणाचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. इंग्लंडातील कामगारवस्त्यांच्या इतिहासात तो फार लवकर पुढे आला, म्हणून तो इतिहास येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

एकोणिसाव्या शतकात तिकडील गिरणगावांत पाठीला पाठ लावून घरे बांधीत. तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, उजेडवारा काय तो एका बाजूने. परस नाहीच, संडास आणि पाण्याचा पंप चौकात, सर्वांना मिळून. अशी नवी घरे बांधण्यास कायद्याने बंदी झाली ती 1909 साली.

तत्पूर्वी दोन कारखानदारांनी वेगळी वाट धरली. सनलाइट साबणाचे मालक विल्यम लेव्हर यांनी 1888 साली पोर्ट सनलाइट हे गाव वसविण्यास आरंभ केला. घरे देखणी, समोर बाग, घरांच्या मागल्या बाजूस भाजीसाठी वाफे. समोरची बाग प्रथम भाडेकरूंच्याच हाती होती. त्यांनी काय केले? कोणी तेथे कोंबड्या पाळल्या, कोणी कठड्यावर कपडे वाळत घातले. मालकांना ते रुचले नाही. पुढची बाग कंपनीने आपल्याकडे घेतली व ती राखण्यास आपले माळी नेमले. बाग सुंदर झाली यात शंका नाही. मात्र राहणाऱ्याचा हात तिला लागेनासा झाला. 1919 साली बोल्टनच्या इंजिनियर कामगारांच्या युनियनच्या चिटणिसाने लेव्हर यांना कळविले की, स्वतंत्र बाण्याच्या माणसाला तुमच्या गावाची हवा फार काळ मानवणार नाही. आम्हां युनियनवाल्यांना त्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. घर नोकरीला बांधलेले असले की संपाच्या दिवशी अंगणातला गुलाबही मालकाच्या बाजूला उभा राहतो.

दुसरे गाव बर्मिंगहॅमजवळचे बोर्नव्हिल. चॉकलेटचे कारखानदार जॉर्ज कॅडबरी यांनी 1895 मध्ये तेथे घरे बांधण्यास सुरुवात केली. घराने जागेचा चौथा हिस्सा व्यापावा, त्याहून अधिक नाही, हा दंडक. भाडेकरू येण्यापूर्वीच जमीन खणून ठेवीत आणि परसाच्या टोकाला सफरचंद, नासपती, आलुबुखार यांची झाडे लावीत. फळेही मिळत व मागल्या घराचा आडोसाही होई. पुढची मशागत ज्याची त्याने करावी. 1900 साली कॅडबरींनी हे सारे एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केले. शिवाय घरे केवळ आपल्याच कामगारांसाठी राखली नाहीत. दारूचे दुकान मात्र त्यांनी गावात येऊ दिले नाही. म्हणजे येथेही दात्याची मर्जी होतीच, पण फावडे राहणाऱ्याच्या हाती होते.

तरीही दोन्ही ठिकाणी अंगण मिळाले ते देणगी म्हणून. हक्क म्हणून ते मिळण्यास वेगळे कारण घडावे लागले. 1915 साली ग्लासगोत वाढीव भाड्याविरुद्ध बायकांनी भाडेबंदी पुकारली. मेरी बार्बर त्यांच्या पुढारी. गोदीतील व कारखान्यांतील कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याच वर्षी सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. 1918 च्या ट्यूडर वॉल्टर्स समितीने शहरात एकरी 12 घरांची मर्यादा सुचविली. एकराचे चाळीस गुंठे धरले तर दर घरामागे सुमारे सव्वातीन गुंठे. 1919 च्या कायद्याने अशी घरे सरकारी मदतीने बांधण्याची जबाबदारी नगरपालिकांवर आली.

त्याच सुमारास, 1920 मध्ये, मुंबईत सरकारने विकास खाते काढले. त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे 207 बी.डी.डी. चाळी उभ्या केल्या. खोली साधारण 160 चौरस फुटांची, परस कोणालाच नाही. पण दोन चाळींमधल्या पटांगणाला लोकांनीच अंगण केले. गणपती तेथे बसला, कबड्डी तेथे रंगली, आमच्या सभाही तेथेच झाल्या. नकाशात जे दिले नव्हते ते वापराने मिळविले.

तेव्हा ज्यांना आपले अंगण किंवा सोसायटीचे आवार सुधारायचे आहे, त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. आधी राहणाऱ्यांना, विशेषतः घरच्या बायांना, एकत्र बसवून विचारा. रोज पाणी कोण घालणार, कपडे उन्हात कोठे वाळणार, मुले कोठे खेळणार, हे ठरवा. पाय जेथून आपोआप जातात तेथे पाऊलवाट करा. आडोशाला भिंतीऐवजी फळझाड लावा. सांडपाणी केळीला वळवा. हिरवळीचा विचार त्यानंतर करावा; आणि तिच्यावर पाऊल ठेवण्यास मनाई असेल, तर ती लावण्याआधी पुन्हा एकदा सर्वांना विचारावे.