परसातला खड्डा आणि इंदूरचं नाव



जुन्या इंदूरच्या वाड्यांबद्दल लिहिताना आपण सगळे ओसरी, झोपाळा, आड, माजघर आठवतो. परसातल्या खतखड्ड्याची आठवण सहसा कुणी काढत नाही. आज ती मी काढतो, कारण आमच्या वाड्यातला खड्डा मीच बुजवला होता.

आमचा वाडा रामबागेच्या बाजूला. आजोबा होळकर सरकारच्या हिशेबखात्यात होते. मागे लांबट परस होतं. आड, आडाशेजारी लिंबू, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, दोन केळी आणि एका कोपऱ्यात गाईचा गोठा. गोठ्याच्या पलीकडे तो खड्डा. साधारण पुरुषभर लांब आणि गुडघ्याच्या वर खोल. त्यावर राज्य आमच्या आजीचं. तिला सगळे माई म्हणत.

माईचा नेम ठरलेला होता. सकाळी गोठा झाडला की शेण, गाईने उरवलेला चारा आणि मूत्राने भिजलेली माती खड्ड्यात. मग चुलीतली राख. मग भाज्यांची देठं, केळीची सालं, देवाचं निर्माल्य, परसातला पालापाचोळा. उन्हाळ्यात वर एखादी बादली पाणी. वैशाखात गडी लावून खालचं काळं, भुसभुशीत खत उपसायचं आणि पाऊस पडला की दुधी, गिलकी, वालाच्या वेलांना घालायचं. थंडीत मेथी-पालक. भाजी विकत आणायची ती बटाटे-कांद्यांपुरती. याला 'सेंद्रिय' म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी बी.कॉम. होऊन १९७२ साली बँकेत लागलो. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं, आणि आम्हा तरुण पोरांना खेड्यापाड्यांत शाखा चालवायला पाठवत. मालव्यातल्या कितीतरी गावांत मी पीककर्जं वाटली. कर्जाचा काही भाग रोख आणि काही भाग खताच्या रूपाने. शेतकऱ्याला युरियाचे फायदे मी इतक्या उत्साहात सांगायचो की जणू कारखाना माझाच. खोटं नव्हतं ते. उत्पन्न वाढत होतं, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पण मातीत परत काय जातंय, हा प्रश्न आमच्या कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

त्याच उत्साहात १९७८ च्या थंडीत मी घरी पिशवीभर युरिया आणला आणि माईच्या मेथीत टाकला. आठ दिवसांत मेथी काळीशार हिरवी. मी खूश. मग तिच्यावर मावा पडला, आणि ज्या ओळीला पाणी कमी पडलं होतं ती जळून गेली. माई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्या पिशवीतलं संपलं की काय घालशील रे?"

मी हसलो होतो.

गाय त्याआधीच गेली होती, घरात गॅस आला होता, म्हणजे शेणही नाही आणि राखही नाही. १९८१ साली माई गेली. १९८३ मध्ये मी तो खड्डा मुरुमाने बुजवून वर फरशी घातली. स्कूटर ठेवायला जागा हवी होती. पुढे २००४ मध्ये सगळ्या भावंडांच्या संमतीने वाडा बिल्डरला दिला. पाया खणताना मी उभा होतो. आपली मालव्याची माती कशी, पावसात चिखल आणि उन्हात दगड. पण त्या कोपऱ्यात मुरुमाखाली हातभर थर निघाला तो मऊ, चहाच्या पत्तीसारखा. मजुरांनी तो बाकीच्या मातीबरोबर ट्रकमध्ये भरला. मी एक पाटीसुद्धा बाजूला काढून घेतली नाही. सुचलंच नाही.

सुचलं ते आठ वर्षांनी आणि तेही कुठे, तर अमेरिकेत. २०१२ साली मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. दुपारी वेळ जाईना म्हणून तिथल्या वाचनालयात बसायचो. बागकामाचं एक जुनं पुस्तक चाळताना सूचीत शब्द दिसला : इंदूर. खतावरच्या अख्ख्या प्रकरणात 'इंदूर पद्धत', 'इंदूर पद्धत' असा जप होता. मी उभ्या उभ्या ते प्रकरण वाचलं. शेण, पालापाचोळा, मूत्राने भिजलेली माती, लाकडाची राख. माईच्या खड्ड्याची यादीच होती ती!

मग परत आल्यावर जे मिळेल ते वाचून काढलं. ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याच गावाची गोष्ट आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्लंडमधल्या शेतकरी घरातला वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसाच्या संशोधन संस्थेत आला. तिथे गहू सुधारता सुधारता त्याला पटलं की पिकाचं आरोग्य मातीच्या आरोग्यावर आहे. त्याची पत्नी गॅब्रिएल हीसुद्धा शास्त्रज्ञच, आणि दोघांचं काम जोडीनं चाले. १९२४ मध्ये दोघं इंदूरला आले. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, मध्य भारतातली संस्थानं आणि कापूस समिती यांनी पैसा दिला आणि 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. आज आपण जिला कृषी महाविद्यालय म्हणतो, तीच जागा. लहानपणापासून कितीदा मी तिच्यावरून सायकलने गेलो असेन!

तिथे १९३१ पर्यंत कापसाबरोबर खताचे प्रयोग चालले. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल असे खड्डे. काडीकचऱ्याचा थर, वर शेण, वर मूत्राची माती आणि राख, मग पाणी. कापसाच्या कडक पऱ्हाट्या आधी रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली त्या चुरल्या जात. साधारण तीन भाग काडीकचरा, एक भाग शेण. ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. तीन महिन्यांत तो दोन-तीनदा उलथायचा, म्हणजे आत हवा जाते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून तेव्हा ढीग जमिनीवरच रचायचा.

मंडळी, इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायची आहे. "हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच होतं" असं म्हणण्याचा मोह मलाही झाला. सामान होतं, हे खरं. पण माईचा खड्डा कधी उलथला जात नसे. त्याला अख्खं वर्ष लागायचं आणि पावसाळ्यात तो घाण वासही मारायचा. हॉवर्डने शेतकऱ्यांकडून आणि चीनमधल्या शेतीवरच्या पुस्तकातून जे घेतलं ते मोकळेपणाने कबूल केलं, आणि त्यात भर घातली ती प्रमाणाची, हवेची आणि नोंदींची. वर्षाचं काम तीन महिन्यांवर आलं. हिशेब नीट ठेवला तर व्यवहार सुधारतो, हे बँकवाल्याला वेगळं कशाला सांगायला हवं!

आणि हा हिशेब एकट्या साहेबाचा नव्हता. १९३१ मध्ये ऑक्सफर्डच्या छापखान्याकडून जे पुस्तक निघालं, त्यावर दोन नावं आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेच्या रसायन विभागात मुख्य सहायक होते. खताचे नमुने, नत्राचं प्रमाण, कुजण्याचे टप्पे हे सगळं रसायनाचंच काम. हॉवर्ड पुढे 'सर' झाला, १९४० मधल्या त्याच्या ग्रंथाने जगभर नाव झालं, ते वाचून अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय बागकामाचं मासिक काढलं. आज परदेशातला माळी 'इंदूर पद्धत' म्हणतो. आणि इंदूरच्या आपल्या मंडळींना यशवंत वाड हे नाव विचारा. मलाही ६२व्या वर्षी, परक्या देशातून सुरुवात करून कळलं. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेले गांधीजी हे खत बघायला मुद्दाम संस्थेत गेले होते, हेसुद्धा तेव्हाच कळलं.

तेव्हापासून सुदामानगरच्या घराच्या छतावर माझं काम सुरू आहे. भोकं पाडलेले दोन ड्रम, एक भरायचा आणि एक मुरायला ठेवायचा. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वाळलेली पानं. दर आठ-दहा दिवसांनी उलथणं. वास आला तर समजायचं की हवा कमी पडतेय किंवा पाणी जास्त झालंय. मूठभर वाळकी पानं घालून हलवलं की जातो. शेण कॉलनीबाहेरच्या गवळ्याकडून पाटीभर. गमल्यात (आपण इंदूरवाले कुंडी कुठे म्हणतो!) नुसती काळी माती भरू नका, उन्हाळ्यात तिचा दगड होतो. तिसरा हिस्सा तरी खत हवं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा हिरवी जाळी बांधायची, मातीवर पाचोळा पसरायचा आणि पाणी सूर्योदयाआधी द्यायचं. गिलकी आणि दुधी पावसाळ्यात, मेथी-पालक दिवाळीनंतर. पालेभाजीचा खर्च थंडीत जवळपास शून्य. हिशेबाची वही ठेवली आहे, ज्याला बघायची त्याने यावं.

आपल्याकडे रोज सकाळी कचऱ्याची गाडी येते, ओला-सुका वेगळा नेते. २०१७ पासून स्वच्छतेत आपलं नाव देशात आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण आमच्या घरची ओल्या कचऱ्याची बादली आता रिकामीच असते. गाडीवाला पोरगा पहिल्यांदा म्हणाला होता, "काका, घर में खाना नहीं बनता क्या?" त्याला छतावर नेऊन ड्रम दाखवला.

गेल्या वर्षी नातू सुट्टीत आला होता. त्याने ड्रममध्ये हात घालून विचारलं, "आजोबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, माईने. मग जरा थांबून वाडांचंही नाव सांगितलं आणि त्याला ते दोनदा म्हणायला लावलं.

तुमच्या वाड्यात, परसात असा खड्डा होता का? त्याची देखभाल कोण करायचं? आठवत असेल तर खाली नक्की लिहा. निदान त्यांची नावं तरी राहतील.