निर्वाताचा मागोवा

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या सर्व व्याधींमध्ये इनटेक मॅनिफोल्डमध्ये चोरवाटेने शिरणारी हवा ही सर्वांत फसवी व्याधी होय. तेल गळले तर जमिनीवर डाग पडतो, पाणी गळले तर रेडिएटर रिकामा होतो. परंतु ही गळती बाहेरून आत होणारी असल्यामुळे डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागे ठेवीत नाही. तिच्या निदानाचा इतिहास हा म्हणूनच पुरावा मिळविण्याच्या रीतींचा इतिहास आहे.

थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असताना पिस्टन खाली सरकले, की मॅनिफोल्डमध्ये अंशतः निर्वात उत्पन्न होतो. १८९३ साली विल्हेल्म मायबाखने फवाऱ्याचा कार्बोरेटर सिद्ध केला, तेव्हापासून कार्बोरेटरच्या काळात हवा व पेट्रोल यांच्या प्रमाणाचा कारभार हवेच्या ओढीवर चालत असे. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस एक भाग पेट्रोल, हा तो हिशेब. आणि फाटलेल्या गास्केटमधून बेहिशेबी हवा आत आली, की मिश्रण विरळ होऊन इंजिन आयडलिंगला थरथरू लागते व मिसिंग मारते. पुढे याच निर्वातावर वायपर आले, डिस्ट्रिब्यूटरची ठिणगी पुढे सरकविणारी यंत्रणा आली, १९२७ साली बॉशचे साहाय्यक ब्रेक आले, १९६१ पासून कॅलिफोर्नियात क्रँककेसमधील वायू परत ओढून घेणारी झडपही आली. आणि प्रत्येक सोयीबरोबर एक रबरी नळी, आणि प्रत्येक नळीबरोबर गळतीची एक नवी जागा वाढत गेली.

आरंभी कारागिराचा आधार कान हाच होता. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यासांध्यावरून फिरवीत तो सूक्ष्म सीत्काराचा माग काढी. पुढे यूजेन बोर्दोंने १८४९ साली वाफेच्या यंत्रांसाठी शोधलेल्या वक्रनलिकेच्या तत्त्वावर बनलेला व्हॅक्यूम गेज गॅरेजात आला आणि काट्याची साक्ष ग्राह्य धरली जाऊ लागली. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनाचा काटा आयडलिंगला साधारणतः १७ ते २२ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. तो स्थिर असूनही बराच खाली असेल, तर हवेच्या गळतीचा संशय घ्यावा, आणि ठरावीक अंतराने झटका देत असेल, तर एखाद्या व्हॉल्व्हची तपासणी करावी. परंतु दर हजार फूट उंचीस सुमारे एक इंच वजा करावा लागतो, आणि त्यामुळे मुंबईत १८ इंच दाखविणारी फियाट बोरघाट चढून पुण्यास आली, की सोळाच्या आसपास दाखवी. मुंबईचे माप जसेच्या तसे पुण्यात लावणाऱ्या फिटराने निर्दोष गास्केटला दोषी ठरविले असते.

गळती आहे एवढे काटा सांगे, कोठे आहे हे सांगत नसे. त्यासाठी संशयित सांध्यावर साबणाचे पाणी किंवा कार्बोरेटर साफ करण्याचा द्रव फवारून इंजिनाचा आवाज पालटतो काय, हे पाहावे लागे; कित्येक जण पेट्रोलच टाकीत, आणि तापलेल्या एग्झॉस्टशेजारी हे करणे म्हणजे आगीला निमंत्रण होते.

१९७६ साली व्होल्वोने आपल्या मोटारीत ऑक्सिजन सेन्सर बसविला आणि साक्षीदार पालटला. आता विरळ मिश्रणाची वर्दी संगणकाला मिळते, तो पेट्रोल वाढवितो आणि त्या वाढीची नोंद दप्तरी ठेवतो. ही वाढ आयडलिंगला मोठी असून वेग वाढविताच घटत गेली, तर गळती बहुधा मॅनिफोल्डकडील असते. कारण थ्रॉटलची झडप उघडल्यावर ओढ मंदावते आणि चोरहवेचा वाटा एकंदर हवेत नगण्य ठरतो. अलीकडे खनिज तेलाचा पांढरा धूर अगदी अल्प दाबाने आत सोडतात व तो कोठून बाहेर पडतो ते पाहतात. एवढ्या काळानंतर अदृश्य गळतीला असे दृश्य रूप लाभले.

तरीही धुराची रेघ कोणत्या नळीच्या मागील भेगेतून निघते, हे वाकून, दिवा धरून कारागिरालाच पाहावे लागते. तंत्रविद्यालयांतून आज उमेदवारांना संगणकाचे संकेतांक वाचावयास शिकवितात, हे योग्यच आहे. परंतु मॅनिफोल्डमधील ओढ का उत्पन्न होते आणि कोणत्या अवस्थेत ती वाढते वा घटते, हे त्यांस आधी शिकविले पाहिजे. ज्याला ते कळले, त्याला काटा, सेन्सर आणि धूर या तिघांचीही साक्ष तपासता येते. ज्याला कळले नाही, तो संकेतांकाच्या भरवशावर सेन्सरच बदलतो आणि गिऱ्हाइकाचा पैसा व्यर्थ घालवितो.