मुकुटांची कोल्हापुरी वंशावळ

१९३३ साली प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरातला संसार आवरला आणि पुण्याची वाट धरली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची भरभराट केव्हाच सरली होती. आता प्रभातही गेली, तर गावात कॅमेरा उरणार कुठे, असा प्रश्न होता. तो राजाराम महाराजांनी सोडवला. त्याच वर्षी कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली आणि तिचा कारभार बाबूराव पेंढारकरांकडे आला. महाराजांच्या भगिनी, म्हणजे शाहू छत्रपतींच्या कन्या आक्कासाहेब महाराज, यांनी शालिनी सिनेटोनला आधार दिला.

पुढच्या पाच वर्षांत कोल्हापूरच्या चित्रपटांतून तीन तरुणी पडद्यावर आल्या. तिघीही एकाच पिढीतल्या, १९१६च्या आगेमागे जन्मलेल्या. एक कलकत्त्याच्या ज्यू घरातली, दोघी मुंबईच्या मराठी वळणातल्या. त्यांतली पहिली पुढे स्वतः ‘मिस इंडिया’ झाली आणि तिची मुलगीही झाली. दुसरीच्या मुलीला मसुरीत मुकुट मिळाला. तिसरीची नात मिस युनिव्हर्स स्पर्धेत अंतिम सहांत पोहोचली. भारतातल्या सौंदर्यस्पर्धांचा इतिहास मुंबईच्या हॉटेलांपासून सुरू करण्याची पद्धत आहे. त्याची एक मुळी मात्र पंचगंगेकाठच्या स्टुडिओंत सापडते.

हे कोल्हापुरातच का घडावे, याला कारण आहे. १९१३मध्ये फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले. सातच वर्षांनी बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांना उभे केले. कमलादेवी आणि सुशीलादेवी ही त्यांची पडद्यावरची नावे. दोघींना समाजाचा रोष पत्करावा लागला. पुढे १९३२मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’साठी दुर्गा खोटे कोल्हापुरात आल्या. शिकलेल्या, खानदानी घरातली बाई सिनेमात काम करते, हे महाराष्ट्राने पाहिले आणि नाके मुरडत का होईना, पचवले. १९३५मध्ये सिनेटोनच्या दारात आलेल्या मुलींसाठी वाट थोडी तरी मळलेली होती.

त्यांतली एक एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम. सतराव्या वर्षी घर सोडून ती एका नाटक कंपनीत शिरली होती. त्या काळी सिनेमाचे रीळ बदलायला पंधरा मिनिटे लागत. तेवढ्या वेळात प्रेक्षक चुळबुळू नयेत म्हणून पडद्यापुढे नाच करायचा, हे तिचे काम. सिनेटोनसाठी प्रेमांकुर आतर्थी यांनी केलेल्या ‘भिखारन’मध्ये ती दिसली. पडद्यावर तिचे नाव झाले प्रमिला. पुढे मुंबईत खलनायिका आणि धाडसी नायिका म्हणून त्यांनी सुमारे तीस चित्रपट केले. १९४२मध्ये अभिनेते पती कुमार यांच्यासह ‘सिल्व्हर फिल्म्स’ ही स्वतःची निर्मितीसंस्था काढली. ‘मुगल-ए-आझम’मध्ये संगतराशाच्या भूमिकेत दिसतात तेच हे कुमार. आपले कपडे आणि दागिने प्रमिला स्वतः बेतत असत.

त्याच १९३५मध्ये, त्याच सिनेटोनमध्ये, मास्टर विनायक दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट करत होते. तो मामा वरेरकरांच्या कथेवरचा ‘विलासी ईश्वर’. नायिकाही नवीच होती. माहेरची सरोज शिलोत्री, सासरची शोभना समर्थ. या चित्रपटाची हिंदी आवृत्तीही निघाली, ‘निगाह-ए-नफरत’. पुढे ‘रामराज्य’मधली सीता म्हणून घरोघरी पोहोचलेल्या शोभना समर्थांच्या कारकिर्दीचे पहिले पाऊल पडले ते असे कोल्हापुरी.

तिसऱ्या मीनाक्षी शिरोडकर. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी सिनेटोनमधून बाहेर पडून १९३६मध्ये हंस पिक्चर्स काढली. तिच्या ‘ब्रह्मचारी’ची कथा आचार्य अत्र्यांची. १९३८ साली तो आला आणि एका जलक्रीडेच्या गाण्याने महाराष्ट्रात खळबळ उडवून दिली. ब्रह्मचर्याचा वसा घेतलेल्या औदुंबरला मोहात पाडण्यासाठी मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरल्या होत्या. वर्तमानपत्रांतून टीका झाली, सभ्य घरांत चर्चा झडल्या आणि चित्रपट तुफान चालला. लग्न झालेली, सुखवस्तू मराठी घरातली बाई असा पोशाख करते, याचाच अनेकांना धक्का होता. गंमत अशी, की याच गावात खासबागेत हजारो लोक लंगोटातल्या मल्लांचे घोटीव शरीर तासन्‌तास निरखत बसत. शरीर बघण्याची दृष्टी कोल्हापूरला होतीच, ते बाईचे असले की प्रश्न उभा राहत होता.

पोहण्याच्या पोशाखाचा हा वाद फक्त आपल्याकडचा नव्हता. १९५१मध्ये लंडनला ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या निमित्ताने एरिक मॉर्ले यांनी जी स्पर्धा भरवली ती अशा पोशाखाचीच, आणि तीच पुढे ‘मिस वर्ल्ड’ झाली. त्याच सुमाराला अमेरिकेत योलांडे बेटबेझ या ‘मिस अमेरिका’ने पोहण्याच्या पोशाखात मिरवायला साफ नकार दिला. हे कपडे विकणाऱ्या कॅटालिना कंपनीने चिडून आपला पैसा काढून घेतला आणि १९५२मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला ‘मिस युनिव्हर्स’ ही नवीच स्पर्धा उभी राहिली. तिथे भारतातून गेल्या नृत्यांगना इंद्राणी रहमान. लग्न झालेल्या आणि एका मुलाची आई असलेल्या इंद्राणी अंगावर स्पर्धेचा पोशाख, कपाळावर टिकली आणि केसांत गजरा अशा थाटात उभ्या राहिल्या. मुकुट मात्र फिनलंडच्या आर्मी कूसेलाला मिळाला.

आपल्याकडच्या सुरुवातीच्या स्पर्धांना ना ठरलेले नियम होते, ना एक संयोजक. प्रमिला १९४७मध्ये ‘मिस इंडिया’ झाल्या तेव्हा त्या तिशीच्या होत्या आणि पाचव्या बाळाची वाट पाहत होत्या! वयाची किंवा लग्नाची अट घालून बसलेल्या पुढच्या काळातल्या संयोजकांनी तो अर्जच फेटाळला असता. मुकुटाने त्यांचे आयुष्य सोपे केले असेही नाही. फाळणीनंतर आपल्या चित्रपटांच्या कामासाठी पाकिस्तानात येरझाऱ्या घालणाऱ्या या बाईवर हेरगिरीचा संशय आला. मोरारजी देसाईंच्या मुंबईतल्या कारकिर्दीत त्यांना अटक झाली. फेऱ्या धंद्यापायी होत्या, हे सिद्ध झाल्यावर सुटका झाली. १९६३मध्ये कुमार पाकिस्तानात गेले, प्रमिला मुंबई सोडून गेल्या नाहीत.

शोभना समर्थांची थोरली मुलगी नूतन. आईने स्वतः ‘हमारी बेटी’ काढून १९५०मध्ये तिला पडद्यावर आणले. पुढच्या वर्षी ‘नगीना’ आला. त्याला ‘फक्त प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र मिळाले आणि अठरा पूर्ण न झालेल्या नायिकेलाच दारवानाने थिएटरात सोडले नाही, ही हकीकत चित्रपटसृष्टीत आजही सांगितली जाते. १९५२मध्ये मसुरीत नूतनच्या डोक्यावर मुकुट चढला. नोंदींत त्याचा उल्लेख कुठे ‘मिस इंडिया’ असा येतो, कुठे ‘मिस मसुरी’ असा. त्याच वर्षी इंद्राणी रहमानही ‘मिस इंडिया’ होत्या, यावरून त्या काळच्या कारभाराची कल्पना यावी. नूतनने त्या मुकुटाचे भांडवल केले नाही. स्वित्झर्लंडला शिकून ती परतली, १९५५मध्ये ‘सीमा’ केला आणि पुढे उत्कृष्ट अभिनेत्रीची पाच फिल्मफेअर पारितोषिके घेतली.

साठच्या दशकात मासिकांनी या स्पर्धा हाती घेतल्या आणि त्यांना शिस्त आली. ‘ईव्हज वीकली’ मिस वर्ल्डला पाठवी, तर १९६४पासून ‘फेमिना’ मिस युनिव्हर्सला. १९६६च्या नोव्हेंबरात माटुंग्यात वाढलेली, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणारी गोवेकर घरातली रीटा फारिया उसनी साडी आणि उसना पोहण्याचा पोशाख घेऊन लंडनला गेली आणि मिस वर्ल्ड होऊन आली. हा मान मिळवणारी ती आशियातली पहिली. वर्षभर मिरवून झाल्यावर तिने डॉक्टरकी पुरी केली, सिनेमाकडे ढुंकूनही पाहिले नाही. दुसऱ्याच वर्षी, १९६७मध्ये, ‘ईव्हज वीकली’च्या मंचावर ‘मिस इंडिया’ ठरली नकी जहाँ. ही प्रमिलांची मुलगी. आईला मुकुट मिळून तेव्हा वीस वर्षे झाली होती. मायलेकींनी हा किताब घेतल्याचे भारतातले हे एकमेव उदाहरण. नकी ऑस्ट्रेलियातल्या ‘क्वीन ऑफ द पॅसिफिक’ स्पर्धेतही उतरली.

नव्वदचे दशक येईतो या खेळाचा धंदा झाला होता. १९९२मध्ये मूळच्या खेळाडू असलेल्या नागपूरच्या मधु सप्रे बँकॉकला मिस युनिव्हर्समध्ये तिसऱ्या आल्या. सत्ता हाती आली तर काय करशील, या प्रश्नावर त्यांनी देशात क्रीडासंकुल बांधेन असे सांगितले होते आणि त्या उत्तरामुळेच मुकुट हुकला, असे मानले जाते. त्यापुढच्या वर्षी मेक्सिको सिटीला गेली नम्रता शिरोडकर. ती अंतिम सहांत आली, पण पहिल्या तिघींत नाही. तिच्या आजीने ‘ब्रह्मचारी’त जे केले त्यावर गावोगाव वाद झाले होते. नातीसाठी तोच पोशाख गुणपत्रिकेतला एक रकाना होता, आणि एकेकाळी टीका करणारी वर्तमानपत्रे आता तिचे फोटो पहिल्या पानावर छापत होती.

क्रमही उलटा झाला. प्रमिला आणि नूतन आधी नट्या झाल्या, मुकुट मागून आला. नम्रता, सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांच्यासाठी मुकुट हीच स्टुडिओची चावी ठरली. नम्रताचे चित्रपट १९९८पासून येऊ लागले, पाठोपाठ १९९९मध्ये महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ आला. दरम्यान सिनेटोनची वास्तू भालजी पेंढारकरांकडे जाऊन जयप्रभा स्टुडिओ झाली होती, गांधीहत्येनंतरच्या १९४८च्या जाळपोळीत भस्मसात होऊन पुन्हा उभी राहिली होती आणि मराठी चित्रपटांची दोन युगे पाहून थकलीही होती.

प्रमिला मात्र थकल्या नव्हत्या. अमोल पालेकरांनी ‘थांग’ करायला घेतला तेव्हा त्यांनी या मराठी चित्रपटात आजीची भूमिका स्वीकारली. वय नव्वदीला टेकलेले होते. २००६च्या ऑगस्टमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. तोवर ‘मिस इंडिया’ होण्यासाठी वय, उंची, अविवाहित असणे अशा अटींची यादी छापील अर्जावर येऊ लागली होती.