व्हिडिओ गेम संगीताचे रीमिक्स

व्हिडिओ गेम संगीताचे रीमिक्स म्हणजे एखाद्या व्हिडिओ गेममधील मूळ चालीच्या आधारे चाहत्यांनी स्वतंत्रपणे केलेली नवी संगीतरचना होय. जुन्या चित्रपटगीताला ढोलताशाचा किंवा यंत्रतालाचा ठेका जोडून केलेल्या ध्वनिफितींमुळे 'रीमिक्स' हा शब्द आपल्याकडे काहीसा बदनाम झाला आहे. येथे मात्र तो त्या अर्थाने वापरला जात नाही. येथील रीमिक्समध्ये मूळ ध्वनिमुद्रण सहसा वापरले जात नाही. चाल तीच ठेवून स्वरसंगती, वाद्ये, लय आणि कित्येकदा रचनेचा संपूर्ण घाट नव्याने बांधला जातो. प्रताधिकार कंपनीकडे असल्यामुळे हे काम दीर्घकाळ कायद्याच्या संदिग्ध पट्ट्यात चालत राहिले. २००८ साली कॅपकॉम या जपानी कंपनीने आपल्या अधिकृत गेमसाठी चाहत्यांच्या रचना स्वीकारल्या, तेव्हापासून या कलाप्रकाराकडे उद्योगाचे लक्ष गेले.

पार्श्वभूमी

१९८० व १९९० च्या दशकांतील गेम-संगीत यंत्राच्या मर्यादेत लिहावे लागे. निन्टेन्डोच्या १९८० च्या दशकातील घरगुती यंत्रात ध्वनीसाठी अवघ्या पाच वाहिन्या होत्या. त्यानंतरच्या सुपर निन्टेन्डोमध्ये त्या आठ झाल्या, तरी ध्वनीसाठी स्मृती केवळ ६४ किलोबाइट होती. मोठा वाद्यवृंद सामावणे अशक्य असल्याने संगीतकारांचा सारा भर लक्षात राहणाऱ्या, पुन्हा पुन्हा वाजूनही कंटाळा न आणणाऱ्या चालीवर असे. योको शिमोमुरा यांचे स्ट्रीट फायटर २ (१९९१) आणि नोबुओ उएमात्सु यांचे फायनल फॅन्टसी ६ (१९९४) ही त्याची ठळक उदाहरणे होत. चाल भक्कम पण तिचा पेहराव साधा, अशा या संगीतात पुनर्रचनेला भरपूर वाव राहिला. लहानपणी तासन्‌तास हे स्वर ऐकलेली पिढी मोठी झाली आणि संगणकावर संगीत रचणे स्वस्त झाले, तेव्हा तो वाव भरून निघू लागला.

ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स

या चळवळीतील सर्वाधिक परिचित संस्था म्हणजे डेव्हिड लॉइड यांनी डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स. लॉइड हे 'डीजेप्रेत्झेल' या टोपणनावाने ओळखले जातात. आलेली प्रत्येक रचना येथे प्रसिद्ध होत नाही. परीक्षक मंडळ ती ऐकते आणि कारणे देऊन स्वीकारते किंवा परत करते. मूळ चाल स्पष्ट ओळखता आली पाहिजे, मात्र रचना नुसती नक्कल असता कामा नये, अशा दोन परस्परांना ताण देणाऱ्या अटी आहेत. नवोदितांना हे परीक्षण जाचक वाटले, तरी संग्रहाची प्रतिष्ठा याच चाळणीमुळे टिकली. सर्व रचना श्रोत्यांना विनामूल्य दिल्या जातात. या ना-नफा धोरणामुळे कंपन्यांना कारवाई करण्याचे तातडीचे कारण उरले नाही. पण त्याचमुळे रचनाकारालाही मोबदला मिळत नाही.

व्यावसायिक संगीतकारांनीही या व्यासपीठाची दखल घेतली. गेम-संगीतात नाव कमावलेल्या जेरेमी सोल यांनी फायनल फॅन्टसी ६ मधील संगीतावर आधारित आपली एक रचना येथे दिली.

कॅपकॉम आणि २००८ चा गेम

२००६ मध्ये या संस्थेने सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बोच्या संगीतावर आधारित 'ब्लड ऑन द अस्फाल्ट' हा संग्रह विनामूल्य प्रसिद्ध केला. त्याचे दिग्दर्शन शेल रायली यांचे होते. त्या सुमारास कॅपकॉम याच जुन्या गेमची नवी, उच्च दर्जाच्या चित्रांची आवृत्ती तयार करवून घेत होती. गेमची बांधणी बॅकबोन एन्टरटेन्मेन्टकडे व चित्रांचे काम उडॉन या कॅनडातील चमूकडे होते. चाहत्यांचा संग्रह कॅपकॉममधील मंडळींच्या कानी पडला आणि नव्या आवृत्तीच्या संगीताचे काम ओव्हरक्लॉक्ड रीमिक्सच्या सदस्यांकडे आले. सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो एचडी रीमिक्स हा गेम नोव्हेंबर २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० साठी प्रकाशित झाला. एका मोठ्या प्रकाशकाने संपूर्ण गेमचे संगीत चाहत्यांच्या समूहाकडून करून घेण्याची ही पहिली घटना मानली जाते. गेममधील संगीत संस्थेने श्रोत्यांना विनामूल्यही उपलब्ध करून दिले.

प्रताधिकाराचा प्रश्न

मान्यता मिळाली म्हणून हक्क मिळाले असे नव्हे. २०१२ मध्ये संस्थेने फायनल फॅन्टसी ६ वरील संग्रहासाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी सुरू केली, तेव्हा स्क्वेअर एनिक्सच्या हरकतीमुळे ती थांबवावी लागली. कंपनीशी समझोता झाल्यावर वर्गणी पुन्हा सुरू झाली आणि दीड लाख डॉलरपेक्षा अधिक रक्कम जमली. 'बॅलन्स अँड रुइन' हा पाच तबकड्यांचा, ७४ रचनांचा संग्रह २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्यातील ११५ व्या कलमान्वये, एकदा अधिकृतपणे ध्वनिमुद्रित होऊन वितरित झालेली रचना ठरावीक मानधन भरून कोणालाही नव्याने ध्वनिमुद्रित करता येते. मात्र मूळ चाल व रचनेचे मूलभूत स्वरूप बदलता येत नाही, आणि चित्रफितीसोबत किंवा गेममध्ये वापरायचे असल्यास हक्कधारकाची स्वतंत्र परवानगी लागते. रीमिक्स जितका कल्पक, तितका तो या कलमाच्या आधारापासून दूर जातो, ही त्यातली खरी अडचण आहे.

जपानमधील वाट वेगळी आहे. तेथे हौशी निर्मितीच्या स्वप्रकाशनाची 'दोजिन' परंपरा जुनी असून १९७५ पासून भरणारी कोमिकेट ही जत्रा तिचे मोठे केंद्र आहे. तोहो प्रोजेक्ट या गेममालिकेचे कर्ते झुन यांनी चाहत्यांच्या निर्मितीला उदार मुभा दिली. त्यांच्या १९९८ च्या गेममधील 'बॅड ॲपल!!' या चालीची अल्स्ट्रोमेरिया रेकॉर्ड्सने २००७ मध्ये केलेली गायनासह पुनर्रचना मूळ रचनेहून प्रसिद्ध झाली आणि पुढे ताइको नो तात्सुजिन या व्यावसायिक गेममालिकेतही समाविष्ट झाली.

पुढील वाटचाल

या वर्तुळातून काही व्यावसायिक संगीतकार घडले. डॅनी बारानोव्स्की यांनी सुपर मीट बॉय (२०१०) व क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर (२०१५) या गेमना संगीत दिले. केडन्स ऑफ हायरूल (२०१९) मध्ये झेल्डा मालिकेतील चालींची पुनर्रचना त्यांनी केली, ती निन्टेन्डोच्या संमतीने. टी लोप्स हे सॉनिक मालिकेतील चालींच्या स्वकृत रचना यूट्यूबवर देत असत. सेगाच्या सॉनिक मॅनिया (२०१७) चे संगीत त्यांच्याकडे आले.

एप्रिल २०२२ मधील ६४ व्या ग्रॅमी सोहळ्यात 'द ८-बिट बिग बँड'ने सादर केलेल्या 'मेटा नाइट्स रिव्हेंज'ला सर्वोत्कृष्ट वाद्यसंगीत स्वरयोजनेचा पुरस्कार मिळाला. मूळ चाल कर्बी सुपर स्टार (१९९६) या निन्टेन्डोच्या गेममधील आहे. या विभागाचा पुरस्कार स्वरयोजनाकारांना दिला जात असल्याने तो चार्ली रोझेन व जेक सिल्व्हरमन यांना मिळाला. चालीचे मूळ संगीतकार त्याचे मानकरी ठरले नाहीत.